बाहुली लहान झाली म्हणजे मेलॅटोनिन थांबले का?

आपला प्रश्न असा आहे: रात्री खोलीतले दिवे मंद करून मोबाईल पाहताना आरशात आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या लहान झालेल्या दिसतात आणि मोबाईल बाजूला ठेवला की त्या पुन्हा मोठ्या होतात. तर बाहुली लहान होणे ही मेलॅटोनिन, म्हणजे रात्री स्रवणारे झोपेशी निगडित संप्रेरक, दबल्याची खूण मानावी का? आणि प्रकाश वाढताच बाहुली आपोआप लहान होत असेल, तर डोळा स्वतःची काळजी स्वतःच घेतो असे समजून रात्रीच्या प्रकाशाची चिंता सोडून द्यावी का? निळा प्रकाश गाळणारा चष्मा आणि पडद्याचा पिवळसर नाईट मोड यांचा उपयोग किती, हेही आपण विचारले आहे. नेत्रतज्ज्ञाला बाहुल्या रोजच तपासाव्या लागतात आणि झोपेची तक्रार सांगणाऱ्यांच्या बोलण्यात हा गोंधळ वारंवार आढळतो, म्हणून उत्तर विस्ताराने देत आहे.

पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. बाहुली आणि मेलॅटोनिन या दोहोंना प्रकाशाची वर्दी देणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी एकच आहेत, हे खरे. परंतु तेथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, वेग वेगळे आहेत आणि त्या वाटांवर परिणाम करणाऱ्या बाकीच्या गोष्टीही वेगळ्या आहेत. त्यामुळे एकीकडे पाहून दुसरीकडचा अंदाज बांधता येत नाही.

आधी त्या समाईक पेशींविषयी. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दंड आणि शंकू अशा दोनच प्रकारच्या पेशी असतात, असे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जात असे. या समजुतीला छेद देणारे निरीक्षण मात्र फार जुने आहे. क्लाइड कीलर यांनी 1927 मध्येच नोंदवले होते की, ज्या उंदरांच्या दृष्टिपटलात दंड पेशी जवळजवळ नव्हत्या त्यांच्याही बाहुल्या प्रकाशात आकसतात. त्या निरीक्षणाकडे पुढे कित्येक दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1995 मध्ये चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णपणे अंध असलेल्या 11 व्यक्तींना रात्री प्रखर प्रकाशात बसवले, तेव्हा त्यांपैकी 3 जणांचे मेलॅटोनिन डोळस माणसाप्रमाणेच खाली आले, आणि डोळे झाकले की हा परिणाम नाहीसा होत असे. म्हणजे प्रकाशाची जाणीव नसलेला डोळाही मेंदूला काहीतरी कळवत होता. 1998 मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींमध्ये मेलॅनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडले आणि थोड्याच काळात ते माणसाच्या दृष्टिपटलाच्या आतल्या थरांतही असल्याचे दिसून आले. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवून दिले की दृष्टिपटलातील काही गँग्लिऑन पेशी (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी) दंड आणि शंकूंच्या मदतीशिवाय, स्वतःच्या बळावर, प्रकाशाला प्रतिसाद देतात. माणसाच्या डोळ्यातील सुमारे दहा लाख गँग्लिऑन पेशींपैकी या मेलॅनॉप्सिन असलेल्या पेशी एक टक्क्याहूनही कमी आहेत. त्यांना सर्वाधिक उत्तेजित करणारा प्रकाश साधारण 480 नॅनोमीटरचा, म्हणजे आकाशी छटेचा निळा असतो.

या पेशींचा स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. दंड आणि शंकू पेशी चटकन जाग्या होतात आणि प्रकाश स्थिर राहिला की लवकरच सरावतात. मेलॅनॉप्सिन असलेल्या पेशी मात्र सावकाश जाग्या होतात, प्रकाश असेपर्यंत नेटाने संदेश पाठवत राहतात आणि प्रकाश गेल्यावरही काही काळ थांबत नाहीत. हे बाहुलीत प्रत्यक्ष पाहता येते. अंधाऱ्या खोलीत रुग्णाला काही वेळ बसवून त्याच्या डोळ्यावर प्रखर लाल प्रकाश टाकला आणि बंद केला, तर आकसलेली बाहुली काही सेकंदांत पूर्ववत होते. तेवढ्याच तीव्रतेचा निळा प्रकाश टाकून बंद केला, तर ती अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक काळ अर्धवट आकसलेलीच राहते. अवरक्त कॅमेऱ्याने केलेल्या चित्रीकरणात हा फरक अगदी स्पष्ट दिसतो. काचबिंदूसारख्या आजारात गँग्लिऑन पेशी नष्ट होतात तेव्हा ही निळ्या प्रकाशानंतरची रेंगाळणारी आकसण कमी होते, म्हणून या चाचणीकडे संशोधकांचे बरेच लक्ष आहे.

आता वाटा कोठे फुटतात ते पाहू. या पेशींचे काही तंतू मध्यमेंदूतील ऑलिव्हरी प्रीटेक्टल केंद्रकाकडे जातात. तेथून एडिंगर-वेस्टफाल केंद्रक, मग डोळ्यामागील सिलिअरी गंडिका (चेतापेशींचा पुंजका) आणि शेवटी बाहुली आकसणारा गोल स्नायू, असा हा छोटा मार्ग आहे. प्रकाश पडल्यापासून साधारण पाव सेकंदात बाहुली हलू लागते. दुसरे तंतू हायपोथॅलॅमसमधील सुप्राकायझ्मॅटिक केंद्रकाकडे, म्हणजे शरीराच्या मुख्य घड्याळाकडे जातात. तेथून संदेश हायपोथॅलॅमसच्याच दुसऱ्या भागातून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत, छातीच्या पातळीपर्यंत खाली उतरतो, मग मानेतील वरच्या अनुकंपी गंडिकेपर्यंत पुन्हा वर चढतो आणि अखेर मेंदूच्या मध्यभागी असलेल्या पीनियल ग्रंथीत पोहोचतो. तेथे रात्री नॉरअॅड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन स्रवते आणि त्याच्या प्रभावाखाली सेरोटोनिनपासून दोन पायऱ्यांत मेलॅटोनिन तयार होते. प्रकाश आला की घड्याळ हा संदेश रोखते आणि निर्मिती घटते. रक्तात आधीच असलेले मेलॅटोनिन मात्र क्षणात नाहीसे होत नाही. ते निम्मे व्हायला साधारण 40 ते 50 मिनिटे लागतात. बाहुलीचा हिशेब सेकंदांचा आहे आणि मेलॅटोनिनचा मिनिटा-तासांचा.

दोन उदाहरणांनी ही फारकत पक्की कळेल. मानेच्या पातळीवर मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णात पीनियलकडे जाणारी वाट बंद पडते, त्यामुळे रात्री मेलॅटोनिन वाढतच नाही. तरीही टॉर्चच्या प्रकाशात त्याची बाहुली व्यवस्थित आकसते, कारण तो मार्ग मानेखाली उतरतच नाही. याच्या अगदी उलट स्थिती आमच्या तपासणीच्या खोलीत रोज निर्माण केली जाते. दृष्टिपटलाच्या तपासणीसाठी थेंब टाकून बाहुली मोठी केली की ती काही तास कितीही प्रकाश टाकला तरी हलत नाही. अशा वेळी रात्री प्रकाशात बसलेल्या माणसाचे मेलॅटोनिन दबत नाही असे नव्हे, उलट अधिक दबते, कारण आत शिरणारा प्रकाश वाढलेला असतो. बाहुल्या थेंबांनी मोठ्या करून केलेल्या प्रयोगात 1993 मध्ये जॉर्ज ब्रेनार्ड यांच्या गटाने नेमके हेच दाखवले होते. एका रुग्णात बाहुली हलते आणि मेलॅटोनिन नाही, दुसऱ्यात मेलॅटोनिन हलते आणि बाहुली नाही. मग आरशातल्या बाहुलीवरून संप्रेरकाचे अनुमान कसे काढणार?

आपल्या आरशातल्या निरीक्षणात आणखी एक पेच आहे. जवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात, भिंग जवळच्या अंतरासाठी फुगते आणि बाहुली लहान होते. या तिन्ही क्रिया एकत्र घडतात आणि त्यांना प्रकाश लागत नाही. मोबाईल हातभर अंतरावर धरून त्यावरचा मजकूर वाचताना बाहुली लहान झाली, तर त्यात प्रकाशाचा वाटा किती आणि जवळ पाहण्याचा किती, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. म्हणूनच बाहुली तपासताना आम्ही रुग्णाला समोरच्या भिंतीवरच्या लांबच्या खुणेकडे पाहायला सांगतो आणि टॉर्च खालून किंवा बाजूने आणतो. रुग्ण टॉर्चकडेच पाहू लागला तर ती तपासणी बाद धरायची. आरसा जवळ धरून स्वतःची बाहुली पाहणे म्हणजे ही अट पहिल्याच पावलावर मोडणे होय.

याहून महत्त्वाची बाब झोपेची आहे. अंधारात जागा आणि सावध असलेल्या माणसाची बाहुली मोठी असते, कारण सावध मेंदू बाहुली आकसणाऱ्या केंद्रकाला दाबून ठेवतो. झोप येऊ लागली की हा दाब सैल होतो, बाहुली अंधारातही हळूहळू लहान होते आणि लहान-मोठी अशी डोलू लागते. गाढ झोपेत तर ती चांगलीच आकसलेली असते. म्हणजे ज्या वेळी मेलॅटोनिन भरपूर आहे आणि माणूस पेंगतो आहे, त्या वेळीही बाहुली लहान असू शकते. ‘मोठी बाहुली म्हणजे मेलॅटोनिन सुरू, लहान बाहुली म्हणजे बंद’ हे समीकरण येथे पुरते उलटते.

बाहुली रक्षण करते का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे 8 मिलिमीटरपर्यंत मोठी होते आणि प्रखर उजेडात 2 मिलिमीटरपर्यंत लहान. व्यास चौथाई झाला तर क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे बाहुलीने पराकाष्ठा केली तरी आत जाणारा प्रकाश सोळापट कमी होईल, त्याहून अधिक नाही. घरातल्या रात्रीच्या प्रकाशात ती इतकी आकसतही नाही. 7 मिलिमीटरवरून साडेतीनवर आली तर प्रकाश चौथाई होतो. दुसरीकडे, पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सच्याही (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) काही अंश इतकाच उजेड असतो, बैठकीच्या खोलीत 50 ते 200 लक्स आणि भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स. इतक्या प्रचंड पल्ल्यापुढे सोळापटीची आडकाठी किरकोळ आहे. बाहुलीचे खरे काम प्रतिमा सुस्पष्ट ठेवण्यात मदत करणे आणि उजेडातल्या अचानक बदलाशी पटकन जुळवून घेणे हे आहे. मेलॅटोनिनची राखण तिच्यावर सोपवलेली नाही.

मग किती प्रकाशाने किती फरक पडतो? 1980 मध्ये आल्फ्रेड ल्यूई यांनी प्रथम दाखवले की सुमारे 2500 लक्सचा प्रखर प्रकाश माणसाचे रात्रीचे मेलॅटोनिन दिवसाच्या पातळीवर आणतो. त्यावरून घरातले दिवे निरुपद्रवी आहेत असा समज काही काळ पसरला, आणि तो चुकीचा ठरला. 2011 मध्ये जोशुआ गूली आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वीचे काही तास 200 लक्सपेक्षा कमी, म्हणजे नेहमीच्या खोलीतल्या प्रकाशात घालवलेल्या जवळजवळ सर्वांमध्ये मेलॅटोनिन उशिरा सुरू झाले, आणि 3 लक्सहून कमी उजेडाच्या तुलनेत त्याच्या स्रावाचा कालावधी सुमारे दीड तासाने आखूड झाला. 2019 च्या एका अभ्यासात मेलॅटोनिन निम्म्यावर येण्यासाठी सरासरी 25 लक्सच्या आसपासचा प्रकाश पुरला. परंतु काहींना 6 लक्स पुरेसे झाले, तर काहींना साडेतीनशे लागले. पन्नासपटींहून मोठा हा फरक माझ्या मते या विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. एकाच खोलीत एकाच दिव्याखाली बसलेल्या दोघांपैकी एकाला दहा वाजता झोप येते आणि दुसऱ्याला बारापर्यंत येत नाही, यात नेहमी शिस्तीचाच प्रश्न असतो असे नाही.

येथे दोन परिणाम वेगळे ओळखायला हवेत. पहिला तात्कालिक: प्रकाश आहे तोवर मेलॅटोनिन दबते, दिवा मालवला की थोड्या वेळाने पुन्हा वाढते. दुसरा टिकाऊ: प्रकाशामुळे घड्याळच सरकते. संध्याकाळी आणि रात्रीच्या पूर्वार्धात मिळालेला प्रकाश घड्याळ मागे टाकतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप उशिरा येते. पहाटे उशिरा किंवा जागे झाल्यावर मिळालेला प्रकाश ते पुढे आणतो. या दोहोंमधला पालट साधारणपणे नेहमीच्या जाग येण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास घडतो. आपण रात्री एक वाजेपर्यंत उजेडात काम करता आणि सकाळी अंधाऱ्या खोलीत उशिरापर्यंत पडून राहता, तेव्हा घड्याळ मागे ढकलणारा प्रकाश भरपूर मिळतो आणि पुढे आणणारा मिळतच नाही. दोष मोबाईलला दिला जातो, पण सकाळी ओढलेला खिडकीचा पडदा तितकाच कारणीभूत असतो.

आता रंगाविषयी. मेलॅनॉप्सिनला निळा प्रकाश अधिक जाणवतो, यावरून निळा काढला की काम झाले असा निष्कर्ष बाजारात विकला जातो. प्रत्यक्षात लक्स हे माप शंकू पेशींच्या दृष्टीसाठी आहे. मेलॅनॉप्सिनच्या दृष्टीने प्रकाश किती, हे मोजण्यासाठी 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने वेगळे मानक दिले. त्या मापाने, लक्स सारखेच असताना थंड पांढरा 6500 केल्विनचा एलईडी हा उबदार 2700 केल्विनच्या दिव्याच्या साधारण दुप्पट भरतो. 2022 मध्ये या क्षेत्रातील शास्त्रज्ञांच्या एका गटाने सुचवलेल्या मर्यादा याच मापात आहेत: दिवसा डोळ्यापाशी किमान 250, झोपण्यापूर्वीच्या तीन तासांत कमाल 10 आणि झोपेत कमाल 1. आता खोलीत 200 लक्स असतील, तर थंड दिव्याने हे माप दोनशेच्या जवळ जाते आणि उबदार दिव्याने नव्वदच्या आसपास राहते. दिवा बदलल्याने निम्मे झाले खरे, पण मर्यादेच्या नऊपट शिल्लक आहे. तोच उबदार दिवा बंद करून कोपऱ्यातला लहान, आडोशाचा दिवा लावला तर डोळ्यापाशी दहापट फरक सहज पडतो. म्हणून क्रम असा असावा की आधी उजेड कमी करावा आणि मग रंग बदलावा. शिवाय मंद प्रकाशात आणि प्रकाशाच्या सुरुवातीच्या काळात शंकू पेशीही मेलॅटोनिन दाबण्यात भाग घेतात, त्यामुळे पिवळा किंवा नारिंगी प्रकाश कितीही असला तरी चालतो, हे म्हणणे टिकत नाही.

नाईट मोडचेही तसेच आहे. पडदा पिवळा केला आणि तेज पूर्ण ठेवले, तर लाभ थोडा; तेज खाली आणले आणि मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, तर लाभ बराच, कारण लहान पडद्याचे अंतर दुप्पट केले की डोळ्यात पोहोचणारा प्रकाश जवळजवळ चौथाई होतो. पडद्यांची भीती मात्र प्रमाणात ठेवावी. 2015 मध्ये गाजलेल्या एका प्रयोगात पूर्ण तेजाचा प्रकाशमान पडदा झोपण्यापूर्वी चार तास, सलग पाच रात्री वापरायला दिला होता. त्यात मेलॅटोनिनची वेळ सुमारे दीड तास मागे पडली, पण झोप लागायला सरासरी दहाच मिनिटे अधिक लागली. मोबाईलवर काय पाहता किंवा काय वाचता, याचा झोपेवर होणारा परिणाम प्रकाशापेक्षा जास्त असू शकतो, असे माझे मत आहे.

चष्म्याबद्दल स्पष्टच सांगतो. पारदर्शक दिसणाऱ्या ‘ब्लू कट’ काचा निळ्या प्रकाशाचा थोडाच हिस्सा अडवतात, आणि डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो याला 2023 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) आधार मिळाला नाही. गडद अंबर रंगाच्या काचा निळा प्रकाश खरोखर अडवतात आणि रात्रपाळीहून परतणाऱ्यांना किंवा घरातला उजेड ज्यांच्या हाती नाही अशांना त्या उपयोगी पडू शकतात. वाहन चालवताना त्या घालू नयेत. ज्याला घरातला दिवा मालवता येतो, त्याने चष्म्यावर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

वयाचा विचार करताना मुलांची काळजी अधिक घ्यावी. त्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि भिंग स्वच्छ असते, त्यामुळे त्याच खोलीत त्यांच्या दृष्टिपटलावर अधिक प्रकाश पडतो. प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांचे मेलॅटोनिन त्याच प्रकाशात प्रौढांच्या जवळजवळ दुप्पट दबल्याचे दिसले आहे. वय वाढते तशी बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडते, म्हणून वृद्धांना दिवसा पुरेसा प्रकाश मिळत नाही ही अडचण मोठी असते. रात्री स्वच्छतागृहात जाताना दिवा लावावा की नाही, असे वृद्ध रुग्ण विचारतात, तेव्हा मी बिनधास्त लावा म्हणतो. जमिनीलगतचा, मंद, पिवळसर दिवा उत्तम, पण दोन मिनिटांच्या उजेडाने होणारे नुकसान अंधारात पडून खुबा मोडण्यापुढे काहीच नाही.

आपण रक्तदाबाचे औषध घेत असल्याचे लिहिले आहे, पण त्याचे नाव दिलेले नाही. ते प्रोप्रॅनोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारखे बीटा रोधक असेल, तर ते पीनियल ग्रंथीतील नॉरअॅड्रेनलिनची क्रियाच अडवते आणि दिवे कितीही मंद केले तरी मेलॅटोनिन कमी राहू शकते. बाहुलीत याचा पत्ताही लागणार नाही. औषध स्वतःहून बंद करू नये. पर्यायाविषयी ते देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. दोन बाहुल्यांत अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक पुष्कळ निरोगी माणसांत असतो आणि त्याचा झोपेशी संबंध नाही. परंतु हा फरक नव्याने उद्भवला असेल आणि सोबत पापणी खाली येणे, तीव्र डोकेदुखी, मानदुखी किंवा दोन-दोन दिसणे असेल, तर त्याच दिवशी तातडीने रुग्णालयात जावे.

मेलॅटोनिन केव्हा सुरू होते हे खरोखर जाणून घ्यायचे असल्यास त्याची चाचणी आहे. नेहमीच्या झोपेच्या पाच-सहा तास आधीपासून अगदी मंद उजेडात बसायचे आणि दर अर्ध्या किंवा एक तासाने लाळेचा नमुना द्यायचा. निरोगी माणसात पातळी चढू लागण्याची वेळ बहुधा नेहमीच्या झोपेच्या दोन-एक तास आधी येते. आपल्या बाबतीत मी लगेच ही चाचणी सुचवणार नाही. आधी दोन आठवडे रात्री दहानंतर छतावरचे दिवे बंद ठेवून केवळ मंद टेबल दिव्यावर काम करावे, पडद्याचे तेज वाचता येईल इतकेच ठेवावे, उठल्यावर तासाभरात किमान अर्धा तास घराबाहेरच्या उजेडात घालवावा आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून ठेवाव्यात. त्या नोंदींत झोपेची वेळ अलीकडे सरकताना दिसली नाही, तर त्या घेऊन झोपेच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे जावे. लाळेची चाचणी करायची की नाही, ते त्या नोंदी पाहून ठरवतील.